‘आपन’ म्हणजे कोण?

सेशन कोर्टात दुभाष्याची खुर्ची न्यायाधीशांच्या चौथऱ्याखाली, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला लागून असते. साक्षीदार कांदा-भाकर खाऊन आला की उपाशीपोटी आला, हे न्यायाधीशांना कळत नाही, दुभाष्याला कळतं. इंग्रजांच्या अमलात अमरावती आणि अकोला अशा दोन ठिकाणी मी ही खुर्ची सांभाळली. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून पन्नाशीच्या आतच पेन्शन घेऊन घरी बसलो आहे. भेटणारे म्हणतात, इतके खून आणि दरोडे ऐकलेत, एखादी रंगतदार केस सांगा. रंगतदार मला सांगता येत नाही. समोरच्याने वऱ्हाडीत जे म्हटलं ते न्यायाधीशांपुढे इंग्रजीत ठेवायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि त्याचं काही सांडायचं नाही, एवढंच माझं काम होतं. हिशेबी स्वभावाच्या माणसाला ते मानवतं. या बाजूला जेवढं तेवढंच त्या बाजूला. पण काही शब्द एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात जाताना वजन बदलतात, आणि त्यावर माणसाची वर्षं ठरतात. मी सांगणार आहे ती हकीकत अशाच एका शब्दाची आहे.

आधी एक हलकी गोष्ट सांगतो, म्हणजे आमच्या बोलीची अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येईल. अकोल्याला पुण्याकडचे एक मॅजिस्ट्रेट नव्याने आले होते. मारामारीचा किरकोळ खटला होता. मराठी आपलीच भाषा म्हणून त्यांनी मला बाजूला बसवलं आणि स्वतःच जबानी घेऊ लागले. आरोपी म्हशीवाला म्हणाला, “हा माह्या म्हशीले दगड मारे, मंग मीबी याले मारून राहिलो होतो.”

साहेबांची लेखणी थांबली. “मारून? आणि मग तिथेच राहिलास?”

“हो जी. मारूनच राहिलो होतो.”

“प्रेताचं काय केलंस?”

म्हशीवाला घाबरून इकडे तिकडे पाहू लागला. “परेत? कोनाचं जी?”

तेव्हा मागच्या बाकावरून फिर्यादी हात वर करून उठला. “साहेब, मी तं हा इथं बसून राहिलो ना!”

‘मारून राहिलो’ म्हणजे ‘मारत होतो’, हे मी उठून सांगितलं. पुढे त्या साहेबांना वऱ्हाडी उत्तम समजू लागली, तेही ‘लिहून राहिलो’ म्हणू लागले, आणि तेवढ्यात त्यांची बदली झाली.

आता कटाच्या कलमाबद्दल. कट म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे बंद दार, बारीक केलेला दिवा आणि दबके आवाज येतात. कायद्याच्या कटाला यातलं काही लागत नाही. दोन माणसांचं एखादा गुन्हा करण्यावर एकमत झालं, की कट पुरा झाला. पुढे हात हलला नाही तरी. एकमत मात्र हवं. शेजारी कुणाची कडब्याची गंजी जाळणार हे मला माहीत आहे आणि मी गप्प बसलो, तर मी वाईट शेजारी, पण कटातला नव्हे. माहीत असणं वेगळं आणि कबूल असणं वेगळं. दुसरं असं, की एकट्याचा कट होत नाही. बेरजेला निदान दोन आकडे लागतात. दोघांवर आरोप असेल आणि एक सुटला, तर दुसराही त्या कलमातून सुटतो. मग त्याने स्वतःच्या हाताने जे केलं तेवढ्यापुरता तो धनी.

अडचण एवढीच, की एकमत मनात होतं आणि मन कोणाला दिसत नाही. अकोल्याच्या कापूस बाजारातल्या दोन दलालांवर खटला झाला होता. ओला कापूस कोरडा म्हणून खपवण्याचा दोघांनी कट केला, असं म्हणणं होतं. दलाल भाव करतात ते रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारी वकिलांनी हमालाला विचारलं, “यांनी ठरवलेलं तू पाहिलंस?” “पाहिलं ना जी. बोटं दाबली.” “कोणती बोटं?” हमाल म्हणाला, “साहेब, वर रुमाल होता ना!” दोघेही सुटले. माणसाच्या मनावर तो रुमाल कायमच असतो. म्हणून कोर्ट माणसं काय बोलली आणि कशी वागली, ते पाहतं आणि त्यावरून आतलं ताडतं. आणि बोललेलं जेव्हा वऱ्हाडीत असे, तेव्हा ते माझ्या खुर्चीवरून जाई.

किसन आणि नामदेव हे दोघे सख्खे भाऊ. मूर्तिजापूरहून निघणारी छोटी गाडी दर्यापूरकडे जाते, त्या वाटेवरच्या एका गावी त्यांचा भाजीचा मळा होता. बाप नामदेवच्या लहानपणीच गेलेला. आई, सरजाबाई, टोपली डोक्यावर घेऊन आठवडी बाजार करी. किसन चाळिशीतला, बायको वारलेली, मूलबाळ नाही. नामदेवला मिशी नुकती फुटलेली, पण लग्न झालेलं आणि बायको पोटुशी. शेजारच्या गणपतची आणि यांची विहीर सामाईक होती. काही कुरबुरीवरून गणपतने यांच्याकडे येणारा पाण्याचा पाट बांधून टाकला आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी यांची वांगी उभ्या जागी वाळू लागली.

चार दिवसांनी, बाजाराच्या दिवशी दुपारी, मळ्यात चिटपाखरू नसताना किसनने गणपतची कडब्याची गंजी पेटवली. आपल्या समजुतीने तो एकटाच तिथे होता. पण गंजीच्या पलीकडे सावलीत गणपतचा म्हातारा राखणदार झोपलेला होता. किसन घराकडे वळला आणि मागून त्याला खोकला ऐकू आला. तो परत धावला, जळत्या कडब्यात हात घालून त्याने म्हाताऱ्याला बाहेर ओढलं. किसनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. म्हातारा इस्पितळात मेला. मरण्याआधी तो एवढंच बोलला, की मला किसनने काढलं.

किसनने काही लपवलं नाही. आरोप वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला, “गंजी म्या पेटवली जी. मानूस म्या नाही मारला.” प्रश्न उरला होता नामदेवचा. त्या दिवशी सकाळी त्याने दुकानातून रॉकेलची बाटली आणली होती. शिवाय सरजाबाई पोलीस पाटलापुढे रडता रडता घरातलं बोलणं सांगून बसली होती. त्यावरून पोलिसांनी दोघांवर कटाचं कलम लावलं, खुनासकट. कट शाबीत झाला तर नामदेव गंजीजवळ नव्हता याला काही किंमत उरणार नव्हती. जन्मठेप तरी नक्की होती, त्याहून वाईटही होऊ शकलं असतं.

आईलाच सरकार पक्षाने साक्षीला बोलावलं. ती छोट्या गाडीने मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने बडनेरा, अशी अमरावतीला आली होती. पिंजऱ्यात चढताना पायातल्या वहाणा काढून ती अनवाणी उभी राहिली. देवापुढे उभं राहावं तशी.

“पाट बांधला त्या दिवशी घरी काय बोलणं झालं?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“किसना जेवून राहिला होता. म्हने, याच्या गंजीले काडी लावल्याबिगर हा मानूस सुधरत नाही. आपन पाहून घेऊ.”

“त्यावर नामदेव काय म्हणाला?”

“तो काय म्हनते? बरं दादा, म्हने.”

मी भाषांतर सुरू केलं आणि ‘आपन’पाशी थांबलो. इंग्रजीत त्याला शब्द नाही. जो जवळचा आहे, ‘वुई’, त्यात सरळसरळ दोघे येतात. तो वापरला असता, तर नामदेवला त्या वाक्यात मीच नेऊन बसवलं असतं. मी मूळ शब्द तसाच उच्चारला आणि न्यायाधीशांना म्हणालो, याचा अर्थ सांगायची परवानगी हवी.

न्यायाधीश इंग्रज होते आणि त्यांनी परीक्षेपुरतं मराठी केलं होतं. ते म्हणाले, “माझ्या पुस्तकात ‘आपण’ म्हणजे आदरार्थी तुम्ही, असं आहे.”

“तेही आहे साहेब. पण इथे लोक दोन तऱ्हांनी म्हणतात. समोरच्याला धरून म्हणतात. आपन जाऊ, म्हणजे तू आणि मी. आणि माणूस आपल्या एकट्यापुरतंही म्हणतो. आपन नाही भेत, म्हणजे मी भीत नाही.”

“मग इथे कोणता?”

“मला सांगता येणार नाही.”

त्यांनी लेखणी खाली ठेवली. “साक्षीदाराला दोन्ही अर्थ सांगा आणि विचारा.”

मी सरजाबाईंना मराठीत सावकाश विचारलं, “बाई, किसन ‘आपन’ म्हणाला, ते कोणाबद्दल? कोणी आपन म्हणतो ते फक्त स्वतःला, मी एकटा या अर्थाने. कोणी म्हणतो ते दोघांना मिळून. त्याच्या बोलण्यात कोणतं होतं?”

आरोपींचे वकील खुर्चीच्या कडेवर आले होते. आईने ‘एकटा’ म्हटलं तर नामदेवची अर्धी सुटका होती. पाणी म्हणजे काय असं विचारणाऱ्याकडे पाहावं, तसं ती माझ्याकडे पाहत राहिली.

“आपन म्हंजे आपन, बाबू. घरचे.”

“घरचे म्हणजे कोण?”

“किसना, नामदेव, सून, मी. पाट बांधला तं सगळ्याइचाच बांधला ना? एकट्या किसन्याची वांगी थोडीच वाळून राहिली होती?”

सरकारी वकील खूश झाले. “आणि रॉकेल?”

“मातीचं तेल म्याच आनाले सांगतलं. दिव्याले.”

न्यायाधीशांनी मला थांबवलं. ज्या उत्तराने स्वतःवर गुन्हा येईल ते सांभाळून दे, असं तिला समजावायला सांगितलं. मी समजावलं. ती म्हणाली, “काहून? माही पोरं त्या पिंजऱ्यात हायत. मी भाईर काहून?”

हेही मी इंग्रजीत सांगितलं.

मधल्या सुट्टीत आरोपींचे वकील कडुनिंबाखाली मला भेटले. “एक शब्द बोलली असती. ‘एकटा’ म्हणाली असती तर काय गेलं असतं? आईनेच पोराच्या गळ्यात दोर टाकला.” मला तिचं उत्तर खरं वाटत होतं. कायदा प्रत्येक माणसाचं मन वेगळं काढून मोजतो. त्या घरात तसं वेगळं काढलेलं मन कोणाकडे नव्हतंच, आणि नसलेली गोष्ट तिने शपथेवर कशी सांगावी?

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी आरोपींना प्रश्न विचारले. आधी नामदेवला.

“तू ‘बरं’ म्हणालास. म्हणजे तुला ते कबूल होतं?”

“दादा बोलले तं बरंच म्हनतो जी. लहानपनापासून.”

“पण तुला पटलं होतं का?”

नामदेव गोंधळला. “पटाचं काय त्यात? दादा हायत.”

मग किसन उभा राहिला. हातांना अजून पट्ट्या होत्या. न्यायाधीशांनी गंजीबद्दल काहीच विचारलं नाही. स्वतःच्या पुस्तकी मराठीत ते म्हणाले, “तुम्ही आज सकाळी काय खाल्ले?”

कोर्टात खसखस पिकली. किसन हसला नाही.

“आपन सकाळी काही खात नाही साहेब. आपल्याले भूक नाही लागत.”

“तुमचा भाऊ?”

“तो खाते. भाकर खाल्ली त्यानं.”

“तंबाखू?”

“आपन तंबाखू सोडली. बायको मेली तवापासून.”

न्यायाधीश माझ्याकडे वळले. “हा ‘आपन’ एकट्याचा?”

“होय साहेब. इथे एकट्याचाच आहे.”

“मग त्या दिवशी ‘आपन पाहून घेऊ’ म्हणालात, ते?” त्यांनी किसनला विचारलं.

किसनने पट्टीचा हात छातीवर ठेवला. “ते बी आपनच जी. हा एकटा.”

“दादा,” शेजारून नामदेव म्हणाला.

किसनने मान वळवली नाही. “तू चुप बस. तुले कोनं इचारलं?”

हे शेवटचं भाषांतर करायला मला कोणी सांगितलं नाही. न्यायाधीश लिहीत होते.

आता मला जे दिसलं ते सांगतो. आईच्या साक्षीपर्यंत किसन कोर्टात जेवढा बोलला, त्यात त्याने स्वतःला कायम ‘मी’ आणि ‘म्या’ म्हटलं होतं. ‘आपन’ एकदाही नाही. आईच्या साक्षीनंतर, म्हणजे मी भर कोर्टात शब्दाचे दोन्ही अर्थ उलगडून सांगितल्यानंतर, त्याच्या तोंडून ‘मी’ गेला तो गेला. इंग्रजीत या दोन्हींना एकच अक्षर आहे, ‘आय’. एकाच्या आकड्यासारखा एक उभा दांडा. त्यामुळे हा बदल कागदावर कुठेच उतरला नाही. तो ऐकायला त्या दिवशी खुर्चीवर मी होतो आणि पिंजऱ्यात नामदेव.

मी यावरून छातीठोक काही म्हणत नाही. वऱ्हाडात एकच माणूस सकाळी ‘मी’ म्हणतो आणि दुपारी ‘आपन’, हे मी पाहिलं आहे. किसनचंही तसंच असेल. त्या दिवशी जेवताना तो खरोखर एकट्याबद्दलच बोलला असेल. दुभाष्याचं काम बोललेलं पोचवण्याचं आहे, न बोललेलं ताडण्याचं नाही. ताडायला चौथऱ्यावर दुसरा माणूस नेमलेला असतो. पण ऐकलेलं कानातून जात नाही. एकट्याचा कट होत नाही, हे मी वर लिहिलं आहे आणि कायदा म्हणून ते बरोबर आहे. त्या दोन दिवसांत मात्र एक कट एका माणसाने एकट्याने रचलेला मी पाहिला, असं मला वाटतं. त्याला भावाची संमती नव्हती. विचारली असती तर मिळाली नसती.

सेशन खटल्यात त्या वेळी न्यायाधीशांबरोबर चार असेसर बसत. गावचे प्रतिष्ठित लोक, ज्यांचं मत घ्यायचं पण मानायचंच असं नाही. देशमुख होते, ते म्हणाले, “थोरला म्हनते आपन, धाकटा म्हनते बरं. आनखी काय स्टँपपेपरवर लिहून पायजे?” शाळेच्या हेडमास्तरांनी उत्तर दिलं, “माझा धाकटा भाऊ मला रोज बरं म्हणतो आणि सांगितलेलं एक काम करत नाही.” उरलेल्या दोघांपैकी एकाने देशमुखांकडे मत दिलं, एकाने हेडमास्तरांकडे, म्हणजे बेरीज शून्य.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी तासभर वाचलं. गंजीपाशी कोणी आहे हे किसनला ठाऊक नव्हतं. कळताच तो स्वतःचे हात जाळून घेऊन परतला. तेव्हा जीव घेण्याचा हेतू नाही आणि जीव जाईल ही जाणीवही नाही, सबब खून नाही. ‘आपन’ हा शब्द आरोपी स्वतःपुरता वापरतो, हे कोर्टाने स्वतः ऐकलं आहे. धाकट्याचं ‘बरं’ ही संमती नसून मोठ्या भावाचा मान राखण्याची रीत आहे. सबब कट नाही. आग लावण्याबद्दल किसनला सात वर्षं सक्तमजुरी. नामदेव निर्दोष.

मी आजवर ऐकलेल्या निकालांत हा निकाल मला अत्यंत काळजीने केलेला वाटतो. त्यातल्या एकाही वाक्यावर मला बोट ठेवता येत नाही.

शिपाई किसनला घेऊन बाजूच्या दाराने गेले. बेडी भाजलेल्या कातडीला लागू नये म्हणून एका शिपायाने साखळी स्वतःच्या हातात उचलून धरली होती, तेवढं आठवतं. नामदेव पिंजऱ्यातच उभा होता. न्यायाधीश म्हणाले, “तो सुटला, असं त्याला सांगा.”

“नामदेव, तू सुटलास. घरी जा.”

“आन दादा?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीश सही करत होते. त्यांचं उत्तर मी मराठीत केलं. “त्यांचं वेगळं आहे.”

मागच्या बाकावरून सरजाबाई उठली. शिपायाने तिला खाली बसायची खूण केली, पण ती कठड्यापर्यंत आली.

“वेगळं कसं, बाबू? आमी कवा वेगळे झालो? चूल एक, वावर एक. या दोघाइची वाटनी झालीच नाही.”

न्यायाधीशांनी मान वर केली. “काय म्हणते ती?”

मी शब्दाला शब्द ठेवला. भावाभावांत वाटणी झालेली नाही, असं ती म्हणते.

त्यांनी लेखणीला टोपण लावलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “वाटणीचा दावा या कोर्टात चालत नाही. तिला दिवाणीत जायला सांगा.”

पट्टेवाला पुढचा खटला पुकारायला दाराशी गेला होता. ती कठड्याला धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती, मी काय आणलं आहे ते ऐकायला. मी ते तिला मराठीत सांगितलं.